प्रमिलावहिनी होडीत बसल्या

नगरला याट क्लब होता, असं मी बाहेरगावच्या नातेवाइकांना सांगते तेव्हा ते हसतात. हसण्यासारखंच आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येणारं आमचं गाव, आणि तिथे म्हणे शिडाच्या होड्यांचा क्लब. तीन कुटुंबं, दोन होड्या आणि सभासदांची वर्गणी म्हणजे ज्याने त्याने आपापला डबा आणायचा, एवढाच त्याचा पसारा. 'याट क्लब' हे भारदस्त नाव मेजर शितोळ्यांनी दिलं होतं. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांनी सावेडीच्या माळावर बंगला बांधला. तिथेच अंगणात ते आणि त्यांचा मुलगा शिरीष यांनी दोन सुट्ट्या खर्चून प्लायवूडची एक निळी होडी तयार केली. दुसरी होडी डॉक्टर शेखांची. आमची होडी नव्हतीच. आमच्या घरचे 'हे' कॉलेजात गणित शिकवत, वाऱ्याचे कोन कागदावर काढून दाखवत आणि पाण्यावर गेले की त्यांना मळमळे. त्यामुळे सुकाणू धरायला मी शिकले. मला शिकवलं शिरीषने.

शनिवार-रविवार आम्ही मुळा धरणाच्या पाण्यावर जायचो. प्रमिलावहिनी, म्हणजे मेजरसाहेबांच्या पत्नी, नेहमी बरोबर असत, पण काठावर. स्टोव्ह पेटवायचा, चहा ठेवायचा, आणि निळी होडी लांब गेली की कपाळावर हात धरून तिच्याकडे बघत राहायचं. पाण्याला त्या भीत नव्हत्या. माझं काम काठावर आहे, असं त्या म्हणत.

एकाहत्तरच्या डिसेंबरातल्या लढाईत शिरीष पश्चिम आघाडीवर होता, रणगाड्यांच्या तुकडीत. लढाई संपली आणि 'बेपत्ता' एवढंच कळलं. वर्षभर त्या घरात दोन मतं होती. मेजरसाहेब म्हणत, आपण सैन्यातली माणसं, मनाची तयारी ठेवली पाहिजे. वहिनी म्हणत, तो कैदेत आहे आणि येईल. बहात्तरच्या डिसेंबरात दोन्ही देशांनी कैदी सोडले. शिरीष आला नाही. तरी वहिनी म्हणत राहिल्या, येईल. आम्ही सगळे मेजरसाहेबांच्या धीराचं कौतुक करायचो आणि वहिनींची कीव.

त्र्याहत्तरच्या संक्रांतीला भंडारदऱ्याला जायचं हे डॉक्टर शेखांनी ठरवलं. दुष्काळाने मुळेचं पाणी इतकं मागे हटलं होतं की होडी चिखलातून फर्लांगभर ओढावी लागे. पण खरं कारण ते नव्हतं. त्या दोघांना घराबाहेर काढायला हवं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. वहिनी नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी लगेच होकार दिला, आणि निळी होडीही घ्या असं सांगितलं. ती होडी वर्षभर ताडपत्रीखालून निघाली नव्हती.

शुक्रवार

जीपमागे ट्रेलरवर डॉक्टरांची होडी, आणि भाड्याच्या टेम्पोत निळी होडी उपडी घातलेली, अशी आमची वरात निघाली. जीपमध्ये आम्ही सहाजण. डॉक्टर, मेजरसाहेब, वहिनी, हे, मी आणि आमची दहा वर्षांची मीना. लोणीच्या आसपास कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता, गर्द हिरवा. दुष्काळ आहे की नाही अशी शंका यावी इतका. कालवा दूर गेला की पाच मिनिटांत जमीन उघडी पडायची. विहिरींवर बैल नाहीत, खळ्यावर कडब्याची काडी नाही. हा कालवा भंडारदऱ्याच्याच पाण्यावर चालतो, असं हे मीनाला समजावत होते. ती ऐकत नव्हती, बाहेर बघत होती.

संगमनेर सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागलो आणि ट्रेलरचं चाक पंक्चर झालं. नेमकं दुष्काळी कामाच्या शेजारी. शंभर-दीडशे माणसं, जास्त करून बायका, रस्त्याकडेला उन्हात खडी फोडत बसल्या होत्या. हातोड्यांचा आवाज आमच्यापाशी येऊन हळूहळू थांबला. सगळ्याजणी होड्यांकडे बघू लागल्या. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

एक तरणी बाई उठून जवळ आली. तिने ट्रेलरवरच्या होडीला हात लावून बघितलं आणि विचारलं, "ह्ये काय हाय, बाई?"

होडी आहे, पाण्यावर चालते, असं मी सांगितलं.

"मंग पानी कुठं हाय?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी भंडारदऱ्याचं नाव सांगितलं. तिथं लई हाय का, असं तिने विचारलं. तेवढ्यात वहिनी जीपमधून उतरल्या, मागची पाण्याची दोन्ही कॅन ओढून काढली आणि तिच्या हातात दिली. बायकांनी ती आपापसात पेला पेला करून वाटून घेतली. कोणी गर्दी केली नाही. रिकामी कॅन तिने पदराने पुसून परत आणून दिली. चाक बदलून निघेपर्यंत हातोडे पुन्हा सुरू झाले होते. पुढे राजूरपर्यंत प्यायला पाणी नसल्याची तक्रार मीनानेही केली नाही.

शेंडीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. ज्यांनी भंडारदरा पाहिला नाही त्यांना सांगायचं तर, चारी बाजूंनी सह्याद्री उठलेला आणि मध्ये पाणी, असं ते दृश्य आहे. उत्तरेला कळसूबाई, पाण्याच्या पार पलीकडच्या टोकाला रतनगड. एरवी डोंगराच्या पायापर्यंत पाणी भिडलेलं असतं म्हणतात. त्या वर्षी ते खाली उतरलं होतं आणि काठाकाठाने तांबड्या-पिवळ्या चिखलाचा पट्टा उघडा पडला होता, भांड्यातलं दूध आटत गेल्यावर कडेला राहतो तसा. विश्रामगृहात खोल्या मिळाल्या. खानसाम्याने पिठलं आणि रेशनवर येणाऱ्या लाल परदेशी मिलोच्या भाकऱ्या दिल्या. ज्वारी मिळत नाही म्हणून त्याने माफी मागितली. नगरलाही तेच खातो, असं आम्ही त्याला सांगितलं.

शनिवार, भोगी

सकाळी थंडी अशी होती की बोटांना दोरी जाणवत नव्हती. मेजरसाहेब आणि डॉक्टरांनी होड्या पाण्यात उतरवल्या, डोलकाठ्या उभ्या केल्या. निळ्या होडीचं शीड ताडपत्रीत राहून जागोजाग काळपट झालं होतं. मेजरसाहेब त्या डागांवरून हात फिरवत उभे राहिले आणि मग म्हणाले, आज ही नको, उद्या बघू.

तेव्हा वहिनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी बसते आज हिच्यात. सुधा नेईल मला."

मेजरसाहेबांनी सांगून पाहिलं की इथे डोंगरावरून वारा कधी खाली येईल याचा नेम नसतो, मी बरोबर येतो. वहिनी म्हणाल्या, तुम्ही नको, आम्ही दोघी जाऊ, जवळच फिरून येऊ. त्यांनी आजवर कधी हट्ट केला नव्हता, म्हणूनच बहुधा त्यांना कोणी अडवू शकलं नाही. मी मात्र घाबरले होते. मुळेच्या उघड्या पाण्यावर होडी हाकणं वेगळं आणि हे डोंगरातलं खोल पाणी वेगळं. पण त्यांनी पदर खोचला, लाइफ जॅकेट अंगात चढवलं आणि पुढच्या फळीवर जाऊन बसल्यासुद्धा.

वारा पूर्वेचा होता, पाठीवर घेण्याजोगा. होडी आपसूक रतनगडाच्या दिशेने सरकू लागली. विश्रामगृह लहान होत गेलं. मी वळवायचं म्हटलं की वहिनी म्हणत, अजून थोडं पुढे ने. पाण्याचा रंग हिरव्याचा काळा झाला. खंड्या पक्ष्याखेरीज सोबतीला कोणी नव्हतं.

वहिनी माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागल्या. नाताळच्या आठवड्यात मेजरसाहेब कामाला पुण्याला गेलेले असताना एक शिपाई घरी आला होता. जामखेडकडचा मुलगा, पायदळातला, कैदेतून सुटून आलेला. पाय अधू झाला होता. त्याने पायरीवर बसूनच दिवसवारासकट सगळं सांगितलं. शिरीषचा रणगाडा त्याच्या डोळ्यांसमोर पेटला होता. हा मुलगा शेजारच्या चरात पडून होता, संध्याकाळपर्यंत बघत होता. आतून कोणी बाहेर आलं नाही. वाट बघणाऱ्या आईला सांगायला हवं, एवढ्यासाठी तो एसटी बदलत आला होता. वहिनींनी त्याला जेवू घातलं आणि साहेबांना पत्र घालू नकोस, मीच सांगेन, असं वचन देऊन पाठवलं.

"तीन आठवडे झाले," त्या म्हणाल्या. "रोज ठरवते. ते दाढी करताना, जेवताना. जीभ उचलत नाही. म्हणून येईल येईल म्हणत राहते. घरात कोणाला सांगता येत नाही, भिंती ऐकतील असं वाटतं. म्हणून इथे आले."

सुकाणू धरून बसले होते आणि पुढचं काही दिसत नव्हतं. शिरीषने मला याच फळीवर बसवून शीड कसं ओढायचं ते दाखवलं होतं. आज सांगेन त्यांना, असं वहिनी म्हणाल्या. काठावर गेल्या गेल्या सांगेन.

म्हणून मी होडी वळवायला घेतली आणि तिथेच घात झाला. वाऱ्यासोबत जाणं सोपं असतं, उलट येणं कठीण. तोंड फिरतंय न फिरतंय तोच डाव्या डोंगरावरून एक झोत खाली आला. शिडाचा दांडा माझ्या डोक्यावरून सणकन गेला, होडी कलंडली आणि सुकाणूची खीळ निसटली. अर्धी होडी पाण्याने भरली. मी शीड सोडून दिलं. ते फडफडत राहिलं, आणि आम्ही भरकटलो. वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि पाणी उपसायला सुरुवात केली, घरातलं सांडलेलं काही आवरावं तशी. वल्हं एकच उरलं होतं. त्याने मी निदान होडी उलटू नये एवढं सांभाळत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी दक्षिणेकडच्या काठाला, कोरड्या जमिनीच्या बऱ्याच अलीकडे, होडी चिखलात रुतून थांबली.

उतरलो तर गुडघ्यापर्यंत चिखल. एकमेकींना धरून, पडत उठत आम्ही वर आलो. वहिनींच्या चपला चिखलातच राहिल्या. वर कारवीच्या झुडपांत एक म्हातारी शेळ्या राखत उभी होती. ती मघापासून आमच्याकडे बघत असावी. "थंडीनं मरताल, चला," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

तिचं नाव ठकूबाई. चढावर कुडाच्या चार झोपड्या होत्या, त्यांतली एक तिची. बाकीची माणसं राजूरकडे कामावर गेली होती. तिने आम्हाला चुलीपाशी बसवलं, वहिनींना आपलं कोरडं लुगडं दिलं आणि नागलीची भाकरी थापायला घेतली. भोगीला आमच्याकडे तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि लोणी असतं. इथे काळी, गरम भाकरी आणि खुरासणीची चटणी. टोपलीत पीठ किती उरलंय ते मला दिसत होतं, म्हणून मी अर्ध्या भाकरीवर थांबले. ठकूबाईने ते ओळखलं आणि न बोलता उरलेली अर्धी माझ्या हातावर ठेवली.

मग बायका विचारतात ते तिने विचारलं. माझ्याकडून मीनाचं ऐकून घेतलं. स्वतःचं सांगितलं, सात झाली, तीन हायेत. दोन ठाण्याकडं कामाला गेलीत, लेक खिरविऱ्याला दिलीय. मग वहिनींकडे वळून म्हणाली, "आन् तुमाला?"

वहिनी विस्तवाकडे बघत होत्या. "एक होता," त्या म्हणाल्या.

इतकं साधं म्हणाल्या. ठकूबाईने मान हलवली, लाकूड आत सारलं. मला रडू आलं, त्यांना आलं नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. बोलून झाल्यावर माणूस जेवू शकतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

उन्हं कलायच्या सुमाराला मेजरसाहेब आले. आम्ही दिसेनाशा झाल्यावर ते आणि डॉक्टर दुसऱ्या होडीतून वल्ही मारत काठाकाठाने शोधत निघाले होते. चिखलात कलंडलेली रिकामी होडी त्यांना आधी दिसली, आणि मग वरचा धूर. डॉक्टर होडीपाशी थांबले. मेजरसाहेब दारात उभे राहिले तेव्हा कमरेपर्यंत चिखलाने माखले होते. ताठ चालणारा तो माणूस चौकटीला धरून उभा होता. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की त्या आता सांगणार.

पण आधी तेच बोलले. उभ्यानेच, माझ्या आणि ठकूबाईच्या देखत.

"होडी रिकामी दिसली," ते म्हणाले. "तू रोज म्हणतेस तो येईल, आणि मी तुला समजावतो. पण तू म्हणतेस म्हणून माझा दिवस निघतो, प्रमिला. मघाशी वाटलं, आता ते म्हणणारंही कोणी उरलं नाही."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला तर गालावर चिखल लागला. ठकूबाईने वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं समजलं होतं. ती खाली बघून चुलीतला निखारा पुढे ओढू लागली.

वहिनी उठल्या. त्यांनी मेजरसाहेबांचा हात धरून त्यांना चुलीपाशी बसवलं. "येईल तो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी पाय शेका."

रविवार, संक्रांत

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. मेजरसाहेबांनी आणि डॉक्टरांनी निळी होडी ओढून आणली, खीळ नवी बसवली, आणि मेजरसाहेब वहिनींना घेऊन पाण्यावर गेले. दोघं पहिल्यांदाच एका होडीत बसली होती. आम्ही काठावरून बघत होतो. ते वहिनींना दोरी कशी धरायची ते दाखवत होते, दूरवर बोट करून काही सांगत होते. त्या मान डोलवत होत्या. किती छान दिसताहेत, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनाही बरं वाटलं. मी तिळगूळ वाटायला घेतला, कारण काहीतरी हाताला हवं होतं. वहिनींनी मला काही बजावलं नव्हतं. बजावायची गरज नव्हती.

परत येताना वहिनी जीपमध्ये माझ्या शेजारी बसल्या. नगर येईपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मेजरसाहेब पुढे बसून डॉक्टरांना सांगत होते की शीड बदलायला हवं, शिरीषला हे डाग आवडायचे नाहीत. वर्षभरात त्यांनी त्याचं नाव असं पहिल्यांदाच घेतलं.

त्यानंतर आमचा क्लब पाण्यावर गेला नाही. डॉक्टरांची बदली झाली, आणि दुष्काळ संपेपर्यंत कोणाला हौस उरली नाही. मेजरसाहेबांनी मात्र होडीला नवं शीड शिवून घेतलं. मी सावेडीला गेले की दोघं ओट्यावर बसलेली असत. तो आल्यावर कुठल्या खोलीत झोपेल यावर बोलत. वहिनी तपशिलाने बोलायच्या. खिडकी पश्चिमेची नको, ऊन येतं, असं म्हणायच्या. ऐकताना मला अंगणात उठून जावं लागे. एकदा मी त्यांना एकटीला गाठून विचारलं की हे किती दिवस चालायचं. त्या म्हणाल्या, ते आहेत तोवर.

पुढच्या पावसाळ्यात मेजरसाहेब गेले, झोपेतच, हृदयविकाराने. चौदावा झाला त्या संध्याकाळी वहिनींनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, आता शिरीषचं करायला हवं. आम्ही नेवाशाला गेलो. प्रवरा दुथडी भरून वाहत होती, गढूळ, वेगात. पुतण्या विधीला बसला होता. वहिनी मागे पाटावर ताठ बसल्या होत्या. मुलगा लढाईत गेला एवढंच गुरुजींना ठाऊक होतं. त्यांनी पंचांग उघडलं आणि जरा चाचरत विचारलं की अशा वेळी नेमका दिवस घरच्यांना माहीत नसतो, मग अमावास्या धरायची का.

"नको," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी तिथी सांगितली.